काथ्यावर टांगलेलं घर

अण्णांना जाऊन दहा महिने होतील. भेटायला येणारी माणसं त्यांच्या अक्षराविषयी बोलतात. तीस वर्षं कचेरीत नकला केल्या, एका काना-मात्रेचा फरक नाही, असं सगळे म्हणतात. ते खरं आहे. पण एवढ्यावरून माझे वडील कसे होते हे कुणाला कळेल असं मला वाटत नाही. त्यासाठी त्या गाडीची हकीकत सांगायला हवी, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, कारण त्या गाडीत मीही होते.

शके अठराशे पाचची गोष्ट. आईचं माहेर थळघाटाच्या माथ्यावर, इगतपुरीपासून दोन कोसांवर. तिथे तिचा धाकटा भाऊ, आमचा मधुमामा, गावचा कुळकर्णी होता. आई अकरा वर्षांत माहेरी गेली नव्हती. कुणी विचारलं की ती सांगायची, "आगगाडीत सोवळं कसं पाळायचं? मला बाहेरचं पाणी चालत नाही." ऐकणाऱ्या बायका मान डोलवायच्या. आता, ठाण्याहून इगतपुरीला आगगाडीने पाच तास लागतात. आई दर एकादशीला त्याच्या पाचपट वेळ निर्जळी राहायची आणि वर दळण दळायची. पण हे कुणी बोलून दाखवत नसे.

खरं कारण माझं लग्न. लग्नाची पत्रं अण्णांनी स्वतः लिहिली, एकशेसाठ. आईने नावं सांगितली, अण्णांनी यादी केली, यादीबरहुकूम पत्रं गेली. यादीत मधुमामाचं नाव नव्हतं. आई म्हणायची, "तो घरचाच. घरच्या माणसाचं नाव कुणी यादीत सांगतं का?" अण्णा म्हणायचे, "तू सांगितलंस ते मी लिहिलं." मामा तिकडे बोचकं बांधून पत्राची वाट बघत बसला होता. पत्र आलं नाही, तोही आला नाही. मांडवात नवरीच्या पाठीशी मामा लागतो, म्हणून ऐन वेळी समोरच्या रंगूबाईंचे दीर उभे राहिले. मला त्यांच्या तपकिरीने सारख्या शिंका येत होत्या. मंगलाष्टकं मी फारशी ऐकली नाहीत.

पुढे अण्णांनी लिहिलेलं पत्र मामाने न फोडता परत पाठवलं, आणि माहेरहून मूळ यायचं बंद झालं. माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय लेकीने माहेरी जायचं नसतं. आईला हा नियम फार पटलेला होता. बिनबोलावता जाणाऱ्या बायकांविषयी ती जे बोलायची ते मी इथे लिहीत नाही. अकरा वर्षं मूळ आलं नाही, अकरा वर्षं ती गेली नाही. भाऊबीजेला पाठीशी भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. धडधाकट भाऊ घाटमाथ्यावर बसलेला असताना आमची आई अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. त्या वर्षी अण्णा ओटीवरून ते बघत होते. नुकतीच पेन्शन झालेली, हाताशी वेळ होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी कॉस्मास सुताराला बोलावून घेतलं.

मूळ पाठवण्याविषयी मामाचं मन वळवणं अण्णांच्या आवाक्यात नव्हतं. सोवळ्याची अडचण मात्र सुताराला सांगण्यासारखी होती. त्यांनी आईचं खोटं कारण खरं धरलं आणि त्यावर इलाज सुरू केला. माझ्या वडिलांनी सगळं आयुष्य असंच काढलं. समोरच्या कागदावर जे लिहिलं असेल ते खरं.

"स्वयंपाकघर बरोबर न्यायचं," अण्णांनी कॉस्मासला सांगितलं. "चार चाकांवर. चूल, मोरी, देव, सगळं आत. हिला बाहेरच्या घोटभर पाण्याची गरज पडता कामा नये."

कॉस्मास आमच्या ठाण्याच्या कोपरीतलाच, चर्चच्या मागे राहायचा. मुंबईत साहेबांच्या बग्ग्या दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली होती. त्याने अण्णांनी काढलेला नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला.

"अण्णा, ही गाडी हाय का माडी?"

"गाडी."

"मंग खिडकीला कोनाडा कशाला?"

"दिवा ठेवायला."

कॉस्मासने एक निःश्वास सोडला आणि लाकूड मोजायला घेतलं. त्याची बायको क्लारा त्याला म्हणाली होती म्हणे, की म्हाताऱ्या माणसाला नाय म्हणू नको, तो आपणच थकेल. क्लाराबाईला अण्णा माहीत नव्हते.

रंगूबाईंना कुणी काही विचारत नसे, त्यामुळे त्यांचं सांगणं कधी खोळंबत नसे. सांगाडा उभा राहिला त्या दिवशी त्या आल्या आणि म्हणाल्या, "पाटा-वरवंटा कुठे ठेवणार?" पाटा आला. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आणि उखळ?" उखळ आलं. मग मागच्या पायरीकडे बघत त्यांनी नुसतं विचारलं, "तुळस?" दाराशी तुळस नाही त्याला घर म्हणत नाहीत हे अण्णांनाही मान्य होतं. दगडी वृंदावन पायरीशेजारी बसवलं, तेव्हा गाडीचं पुढचं टोक वीतभर वर उचललं गेलं. ते खाली आणण्यासाठी पुढे पाण्याचे दोन हंडे बांधावे लागले.

खरा घात पट्ट्यांनी केला. कॉस्मासचं म्हणणं असं की, एवढं वजन थेट आसावर ठेवलं तर पहिल्या खड्ड्यात चूल कढीत जाईल. साहेबांच्या बग्ग्यांसारखं घर जाड पट्ट्यांवर टांगायचं, म्हणजे खालची चाकं कितीही नाचोत, वर दुधावरची साय हलणार नाही. चार कोपऱ्यांना चार पट्टे त्याने आणलेही. उत्तम कमावलेलं चामडं होतं.

रंगूबाई ओसरीवरून उठून आल्या. "सोवळ्याचं स्वयंपाकघर," त्या म्हणाल्या, "चामड्यावर?"

एवढंच म्हणाल्या आणि घरी गेल्या. आईने त्या दिवसापासून गाडीकडे बघणं सोडलं.

अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि चामड्याऐवजी काथ्याच्या दोरखंडाचे पट्टे विणायचं ठरवलं. कोपरीच्या बंदरावर होड्यांना बांधायचे जाड दोर मिळतात, तेच आणले. कॉस्मासने पट्टे विणले. शेवटचा कोपरा बांधल्यावर म्हणाला, "अण्णा, तुमी बोलला तसा केला. पन ही पान्यातली चीज हाय. हिला रोज पानी पाजावा लागल. सुकली का सैल पडंल, आनि तुमचा घर बसंल."

"बसेल म्हणजे?"

"म्हंजे म्हैस बसते तसा."

अण्णांनी ते वहीत लिहून घेतलं: काथ्यास रोज पाणी.

आईला निघायला कसं तयार केलं हे मी पाहिलं आहे. अण्णा म्हणाले, "माहेरी जायचं कोण म्हणतंय? नुसता घाट बघून येऊ. आपल्याच घरात बसून."

"घाट बघायला हरकत नाही," आई म्हणाली. "चढणार मात्र नाही. मूळ आल्याशिवाय मी चढणार नाही, आत्ताच सांगते."

"पायथ्यापर्यंत," अण्णा म्हणाले.

मला बरोबर घ्यायचं कारण असं दिलं की आईला सोबत हवी. माझं सासर ठाण्यातच, रुळांच्या पलीकडे. माहेरी काही घडलं की मला बोलावणं यायचं, आणि काही घडलं नाही तरी यायचं. घरून परवानगी मिळाली. कसल्या गाडीत बसणार आहोत हे मी सासरी नीट सांगितलं नव्हतं. "गाडीने जाणार" एवढंच म्हटलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

माघ शुद्ध सप्तमीला मुहूर्त होता. दोन बैलजोड्या जुंपल्या, नारळ फुटला, कॉस्मास पुढे बसला. आळीच्या तोंडाशी गाडी अडकली. घर मोजलं होतं, आळी कुणी मोजली नव्हती. रंगूबाईंच्या पडवीचा कोपरा आडवा येत होता. कोपऱ्याचा खांब काढावा लागला आणि त्याबरोबर वरची आठ-दहा कौलंही उतरली. रंगूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना काही सुचवता येत नव्हतं.

पहिला मुक्काम शीळफाट्याच्या अलीकडे झाला. सकाळी आई देवांपुढे बसली तेव्हा सगळे देव एका कोपऱ्यात गोळा झालेले होते. बाळकृष्ण अन्नपूर्णेच्या मांडीवर आणि गणपती उताणा. रात्रभरात काथ्या सुकला होता आणि घर उजवीकडे कललं होतं. कॉस्मासने खालून चार घागरी मारल्या. दोर आवळत गेले, घर हळूहळू सरळ झालं, आणि भात शिजेपर्यंत देव आपापल्या जागी गेले. दुपारी उन्हाने ते पुन्हा कललं. वेळ कळायला आम्हाला घड्याळाची गरज उरली नाही. ताक भांड्याच्या काठाला लागलं की चार वाजले असं समजायचं.

कल्याणात लोकांचा समज झाला की आम्ही खेळ करणारे आहोत. मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसले होते, म्हणजे निदान सुशिक्षित दिसावं हा हेतू. एक फेटेवाले गृहस्थ जवळ येऊन अदबीने म्हणाले, "बाई, खेळ कधी सुरू होणार?" मी पान उलटलं. थोड्या वेळाने एक म्हातारी आली आणि तोंड उघडून मला आपली दाढ दाखवू लागली. ती दाढ बरीच खराब होती. मी तसं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "मग काढा ना! बसलायसा कशाला?"

आंबिवलीजवळ रस्ता रुळांच्या अगदी कडेने जातो. आम्ही तिथे असताना मागून आगगाडी आली. सगळ्या डब्यांतून डोकी बाहेर आली, आणि एका खिडकीत मला आमचे थोरले दीर दिसले. ते नाशकाला कामासाठी निघाले होते. त्यांनी मला पाहिलं. हात वर केला, मग विचार बदलून त्याच हाताने पगडी सारखी केली आणि दुसरीकडे बघू लागले. माझ्या शेजारी आई खिडकीतून डाळीचं धुणं फेकत होती. पंधरा दिवसांनी मी घरी परतले तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आंबिवलीची हवा मानवली का?"

वासाचंही सांगितलं पाहिजे. निघाल्यापासून घरात एक वास येत होता. "खाडीचा वारा," अण्णा म्हणाले. कळव्याला ते पटलं, कल्याणलाही पटलं. टिटवाळा गेलं, वासिंद गेलं. शहापूर मागे पडलं, आसपास सागाची झाडं आणि डोंगर, आणि वास तसाच. आईने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "तुमची खाडी फार हिंडते हो."

खाली, घराच्या बुडाशी, कॉस्मासने सुक्या बोंबलांची माळ टांगली होती. अण्णांना ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. आईलाही माहीत असणार, कारण शहापुरानंतर एका सकाळी तिने त्याच्या पानावर भाताबरोबर चिंचेचं सार जास्तच तिखट वाढलं आणि मला म्हणाली, "त्या सुक्याबरोबर बरं लागेल त्याला." आमच्या घरात अशा गोष्टी तोंडावर बोलायची पद्धत नव्हती.

डोंगर जवळ येऊ लागले तशी आई खिडकीशी बसू लागली. खर्डीला तिने मला बोटाने दाखवलं, "तो मोडका सुळका दिसतो ना, त्याच्या मागे आमची विहीर." मग लगेच खिडकी लावून घेतली. "वारा फार आहे," म्हणाली. वारा नव्हता.

आठव्या दिवशी सकाळी आम्ही घाटाच्या पायथ्याशी, नाक्यावर पोचलो. नाक्यावरचा कारकून तरुण होता, टापटीप होता, आणि त्याच्यासमोर भिंतीवर दरांचा तक्ता होता. त्याने गाडी बघितली, तक्ता बघितला, पुन्हा गाडी बघितली.

"हे काय आहे?"

"गाडी," अण्णा म्हणाले.

"तक्त्यात दोनचाकी आहे, चारचाकी आहे, पालखी आहे, उंटसुद्धा आहे," कारकून म्हणाला. "धुराडं असलेलं काही नाही. आणि त्या मागे काय आहे?"

"तुळस."

"मग हे घर झालं."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. अण्णा तक्त्याजवळ गेले, चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. तक्त्यात नाही ते सोडता येणार नाही."

"नाहीच येणार," कारकून जरा गोंधळून म्हणाला.

"वरिष्ठांना लिहून विचारा."

"कसं लिहू? असा मजकूर आमच्याकडे नाही."

"थांबा, मी मसुदा करून देतो," अण्णा म्हणाले, आणि खुर्चीवर बसून स्वतःच्याच गाडीविरुद्ध अर्ज लिहू लागले. मी दारात उभी राहून हे बघत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना मी इतकं सुखात पाहिलं नव्हतं. ते मध्येच थांबून कारकुनाला म्हणत, "इथे 'सबब' घाला, वजन येतं," आणि कारकून मान डोलवत होता. शेवटी एक रकाना आला: सदर इसम कोणाकडे जाणार. अण्णांनी नवीन बोरू काढला. मग त्या कागदावरच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत सुंदर अक्षरात त्यांनी लिहिलं: राजमान्य राजश्री माधवराव विश्वनाथ कुळकर्णी, वतनदार, मौजे बोरवाडी, यांजकडे, यांचे वडील भगिनीस घेऊन.

"हे कुळकर्णी वरचेच," कारकून म्हणाला. "मग आधी त्यांचाच अहवाल मागवतो. असं घर त्यांच्याकडे येणार आहे की नाही, ते सांगतील." आणि त्याने कागद शिपायाच्या हाती देऊन त्याला तट्टावर घाट चढायला पाठवलं.

"अण्णा," मी हळूच म्हटलं, "तुम्ही मुद्दाम लिहिलंत?"

"रकाना होता," अण्णा म्हणाले. "रकाना रिकामा ठेवू नये."

मला एवढं मात्र लक्षात आलं की घरचं पत्र मामा न फोडता परत पाठवू शकत होता. नाक्यावरून आलेला सरकारी कागद गावच्या कुळकर्ण्याला परत पाठवता येत नाही.

आई खिडकीतून सगळं ऐकत होती. "काय लिहील तो?" तिने विचारलं. "नाही म्हणून लिहील," तीच म्हणाली, "आणि मग आपण परत जाऊ. घाट बघून झालाच आहे." ती चुलीकडे वळली. डाळ तिने दोनदा धुतली.

गाडी बाजूला घ्यावी असं कारकुनाने सांगितलं. बैल वळले, घर अर्धं वळलं, आणि रस्त्याच्या बरोबर मध्ये खालून एक लांब, दमलेला आवाज आला. पायथ्याची विहीर तळाला गेलेली होती आणि आदल्या दिवसापासून काथ्याला पाणी मिळालेलं नव्हतं. आईने एका हंड्यातलं सोवळ्याचं पाणी खिडकीतून स्वतःच्या हाताने दोरांवर ओतलं. आठ दिवसांत देव आणि चूल यांखेरीज कुणाला न मिळालेलं पाणी होतं ते. दोरांनी ते पिऊन टाकलं आणि काही फरक पडला नाही. मग चारही कोपरे एकदम सैल पडले आणि घर चाकांवर बसलं, कॉस्मासने सांगितलं होतं तसंच, आधी पुढचे गुडघे आणि मग मागचे.

"बसली," कॉस्मास म्हणाला.

दोन्ही बाजूंनी गाड्या येऊन थांबू लागल्या. वरून गवताच्या गाड्या, खालून मिठाच्या, मध्ये आमचं घर आणि त्याच्या धुराड्यातून निघणारा धूर. गाडीवान खाली उतरून सल्ले देऊ लागले.

"आवं, आधी चूल तरी इजवा!"

"तुळशीला हात लावू नगा रं, अंगावर यील."

"घरमालक कोन हाय? भाडं थकलंय का? मदीच बसलंय ते!"

"रस्त्यात घर बांदाया परवानगी कुनी दिली म्हनतो मी!"

आतून आईचा आवाज आला, "उत्तरा, त्यांना विचार, जेवलेत का." मी विचारलं. जेवले नव्हते. त्या क्षणापासून सल्ल्यांचा सूर पुष्कळ खाली आला. आईने उरलेल्या हंड्यावर भागवत, कलत्या चुलीवर, एका हाताने पातेलं धरून, तीन वाजेपर्यंत भात आणि पिठलं केलं, आणि मी मागच्या पायरीवरून पानांवर वाढत राहिले. एका तरुण गाडीवानाने हात धुता धुता विचारलं, "बाई, ही खानावळ इथंच ऱ्हानार का?" माझी खेळकरी, दात काढणारी आणि खानावळवाली अशी तीन पदं आठ दिवसांत झाली होती. विद्येचा उपयोग झाला नाही असं म्हणता येणार नाही.

तीनच्या सुमाराला वरच्या गाड्यांच्या रांगेतून एक तट्टू वाट काढत आलं. त्यावर छत्री उघडून बसलेला एक लठ्ठ, गोरा गृहस्थ, त्याच्या मागे शिपाई. लग्नाआधी पाहिलेला मामा मी ओळखला नसता. पण उतरल्यावर त्याने उपरणं झटकलं, ते थेट आई पदर झटकते तसं.

तो घराकडे बघत उभा राहिला. चाकं, खिडकी, धुराडं, तुळस. अण्णा पुढे झाले नाहीत. ते तक्त्याखाली, हात मागे बांधून उभे होते.

मामा खिडकीखाली आला. आत आई होती. दोघं अकरा वर्षांनी समोरासमोर, आणि भोवती तीस-चाळीस गाडीवान.

"पाहणीला आलोय," मामा म्हणाला. "सरकारी कागद आला."

"पाहा मग," आई म्हणाली.

"कागदात विचारलंय, हे घर माझ्याकडे यायचं आहे का."

"लिही ना. तुला काय येत असेल ते लिही. नाही म्हणून लिही."

"ताई—"

"मी तुझ्याकडे आलेले नाही. मी घाट बघायला आलेय. घाटाचा पायथा सगळ्यांचा आहे."

मामाने खिशातून कागद काढला आणि उलगडला. तो कागदाकडे इतका वेळ बघत राहिला की कारकून अस्वस्थ झाला. "अक्षर भावजींचं आहे," मामा म्हणाला. मग मान न वळवता, मोठ्याने: "भावजी! एवढं नाव लिहायला अकरा वर्षं लागली?"

"त्या वेळी यादीत नव्हतं," अण्णा तक्त्याखालून म्हणाले. "मी यादी पाहून लिहिलं. माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही."

एवढं बोलणं त्यांच्या आयुष्यात त्यांनी कुणाजवळ केलं असेल असं मला वाटत नाही. आईने आत पातेलं खाली ठेवलं. "यादी मी सांगितली होती," ती म्हणाली. "मधु, यादी मी सांगितली होती रे. तुझं नाव सांगायचं असतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

मामाने कारकुनाकडे शाई मागितली, आमच्या घराच्या भिंतीवर कागद धरला, आणि उभ्याउभ्याच लिहू लागला. एक गाडीवान म्हणाला, "आवं, मोठ्यानं वाचा की! सकाळधरनं थांबलोय आमी." मामाने वाचलं: "घर समक्ष पाहिले. घर आमचे वडील भगिनीचे आहे. तिला न्यावयास मी जातीने आलो आहे, सबब अडवू नये."

"'सबब' चांगलं घातलंय," अण्णा हळूच मला म्हणाले.

आई मागच्या दाराने, तुळशीला हात लावून, उतरली. हातात काही घेतलं नव्हतं. शिधा नाही, पाण्याचा तांब्या नाही. मामाने तिला तट्टावर बसायला सांगितलं, ती बसली नाही. मग तोही बसला नाही. छत्री तिच्या डोक्यावर धरून तो घाट चालू लागला आणि गवताच्या गाड्यांनी त्यांना वाट दिली. पहिल्या वळणापर्यंत दोघं भांडत होती. कशावरून ते ऐकू आलं नाही, पण आई हातवारे करत होती आणि मामा मान हलवत होता. वळण येताच दिसेनाशी झाली.

गाडीवानांनी पाटा, उखळ, हंडे, वृंदावन सगळं उतरवलं आणि हलकं झालेलं घर खांद्यांनी ढकलून कडेला नेलं. रस्ता मोकळा झाला. मी अण्णांना म्हटलं, "आपणही जायचं ना?"

"तिला मूळ आलं," अण्णा म्हणाले. "मला कुठे आलंय? जावयाने असं मागून जायचं नसतं."

म्हणून आम्ही तीन दिवस पायथ्याशी, बसलेल्या घरात राहिलो. अण्णांनी स्वतः भात केला. पहिल्या दिवशी तो कच्चा राहिला, दुसऱ्या दिवशी करपला. तिसऱ्या दिवशी कॉस्मास बाहेरून, पायरीपाशी उभा राहून, "आता पानी घाला, आता झाका, आता हात लावू नका," असं सांगत होता, आणि त्या दिवशीचा भात चांगला झाला. संध्याकाळी अण्णा पायरीवर बसून घाटाकडे बघत. मी विचारलं, "काय बघता?" "रहदारी," म्हणाले.

चौथ्या दिवशी मामा तट्टू घेऊन खाली आला. अण्णांना त्याने वाकून नमस्कार केला आणि एवढंच म्हणाला, "भावजी, चला. ताई म्हणते, तुमच्याशिवाय तिला घरात करमत नाही, आणि आम्हाला तिच्या सूचनांपुढे जगता येत नाही."

अण्णांनी पगडी घातली. घर कॉस्मासच्या हवाली केलं. तट्टावर त्यांनी मला बसवलं आणि स्वतः लगामाशी चालू लागले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, उभा चढ, पण त्यांना दम लागत नव्हता. त्यांच्या डोक्यात काही तरी चाललेलं होतं. पहिल्या वळणानंतर ते बोलू लागले. चूक वजनात झाली, म्हणाले. पाटा मधोमध घ्यायला हवा होता. धुराडं मागे हवं. काथ्या नकोच, वेताचे पट्टे करून पाहायला हवेत, कॉस्मासशी बोलणं झालं आहे. मी हूं हूं म्हणत होते. करवंदीच्या जाळ्यांना नुकती फुलं आली होती, खाली दूरवर आमचं घर काडेपेटीएवढं दिसत होतं, आणि अण्णा थांबून थांबून छत्रीच्या टोकाने मातीत रेघा काढून मला दाखवत होते. माथ्यावर पोचेपर्यंत दुसऱ्या गाडीचा आराखडा सांगून झाला.

ती दोन मजली होती.